टाकीजवळची खुर्ची

माझ्या साडूंइतका महत्त्वाचा माणूस कुठल्याच बँडला कधी लाभला नसेल, असं निदान पाच जणांचं ठाम मत आहे. हे पाचही जण म्हणजे ते स्वतःच, निरनिराळ्या काळातले. बावीस वर्षांत त्यांनी एकाच बँडमध्ये पाच जागा भूषवल्या: चार वर्षं गायक, सहा वर्षं मेंडोलिन, पाच वर्षं बास गिटार, तीन वर्षं कोंगो आणि शेवटची चार वर्षं साइड रिदम, म्हणजे खुळखुळा, घुंगरू आणि ट्रँगल. बेरीज बरोबर येते, मी तपासली आहे. जागा बदलली की त्यांचे विचार बदलायचे, निष्कर्ष मात्र तोच राहायचा. बँडमध्ये सर्वांत महत्त्वाचा कोण, या प्रश्नाचं उत्तर ते त्या वेळी ज्या खुर्चीवर बसले असतील त्याच खुर्चीवर सापडायचं.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली त्यांची, धाकटी माझी. मी मूळचा चिक्कोडीकडचा. सत्तावीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या मापतपासणी खात्यात लागलो आणि हेब्बाळला घर केलं. ते जयनगरचे, आणि त्यांच्या घराण्याला बंगळुरात येऊन साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली असं ते सांगतात. त्यांचे मूळ पुरुष फौजेबरोबर आले, पण लढायला नव्हे, शिंग वाजवायला. ‘‘फौजेत मेन माणूस कोण? शिंगवाला,’’ ते मला एकदा म्हणाले. ‘‘तो फुंकेपर्यंत सरदारसुद्धा चहा पीत बसतो.’’ त्या काळी आपल्याकडे चहा नव्हता, हे मी निदर्शनास आणून दिलं. ‘‘सरी,’’ ते म्हणाले, ‘‘ताक पीत बसतो.’’ त्यांच्याशी वाद घालणं का अवघड आहे, ते यावरून कळेल. तपशील ते लगेच सोडून देतात; मुद्दा मात्र हातातून सुटत नाही.

सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. ते मला साडूभाऊ म्हणतात. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लागलं, की त्याला पळता येत नाही हे अण्णांनी फार लवकर ओळखलं होतं. डोळ्यांवर जड लोखंडी चौकट, एक डोळा झाकलेला, अशा अवस्थेत शेकडो माणसांनी बास गिटारचं महत्त्व ऐकून घेतलं आहे. गायक होते तेव्हा ते म्हणायचे, ‘‘लोक देवळात कशाला जातात? मूर्ती बघायला. बाकी सगळे खांब.’’ पुढे आवाजाचं जरा बिनसलं. म्हणजे बँड एका पट्टीत आणि अण्णा दुसऱ्या, असं व्हायला लागलं. त्यांच्या मते ते जागेवरच होते, बँड खाली घसरला होता. मग मेंडोलिन हातात आलं, आणि मूर्तीची जागा फोडणीने घेतली: ‘‘वरण कितीही शिजवा, फोडणी नाही तर ते पथ्याचं.’’ बोटं आखडायला लागल्यावर बास गिटार आली, आणि ते परत देवळात शिरले. ‘‘खांब काढून बघा, मूर्तीचं काय होतं ते.’’ कोंगोच्या वेळी ‘‘काळजाचे ठोके’’ होते. आणि शेवटी ट्रँगल हातात आल्यावर शर्टाची गुंडी निघाली. ‘‘शर्टाला कापड अडीच मीटर, गुंडी एवढीशी. पण गुंडी नसली तर माणूस लग्नाला जाईल का?’’

बँड हौशी आहे. सहा माणसं, दर रविवारी सकाळी साडेदहाला अण्णांच्या गच्चीवर पत्र्याखाली सराव, जुनी कन्नड, हिंदी, मराठी सिनेगीतं. नाव नाही. बावीस वर्षं नाव ठरतंय, तोवर फलकावर नुसतं ‘ऑर्केस्ट्रा’ असं लिहितात. कीबोर्डवर मेष्ट्रु, म्हणजे शाळेत गणित शिकवणारे कन्नड मास्तर. ड्रमवर बँकेतले एक तमिळ गृहस्थ. बास आणि ढोलकीला दोन शांत माणसं, जी सरावानंतर चटणीची चौकशी करण्यापलीकडे बोलत नाहीत. गायिका पुण्याची, पाच वर्षांपूर्वी आलेली, मारतहळ्ळीला संगणकाच्या कंपनीत काम करते आणि तिथून रविवारी दोन बस बदलून येते. तिचा आवाज खरोखर चांगला आहे. मी बँडमध्ये नाही. मी घड्याळ लावतो आणि कुठलं गाणं किती मिनिटं चाललं ते लिहून ठेवतो. हे काम मला कुणी दिलेलं नाही.

ट्रँगल म्हणजे लोखंडी सळी वाकवून केलेला त्रिकोण. दोरीला धरायचा आणि दुसऱ्या सळीने टिंग करायचा. साडेचार मिनिटांच्या एका गाण्यात अण्णांनी तो अकरा वेळा वाजवला, तेव्हा मी मोजलं होतं. दोन वेळा तो जिथं पाहिजे तिथं वाजला. उरलेल्या नऊ वेळा कुठं वाजला, हे मी त्यांना विचारलं. ‘‘त्या भावना होत्या,’’ ते म्हणाले. गायिकेचं त्यामुळे डोकं फिरायचं.

‘‘काका, प्लीज, मी लांब सूर धरलेला असतो ना, तेव्हा टिंग नको.’’

‘‘अगं, टिंग नसेल तर सूर संपला हे लोकांना कळणार कसं?’’

‘‘संपलेला नसतो ना काका.’’

‘‘तेच तर. मी टिंग केलं की संपतो.’’

मेष्ट्रु अशा वेळी कीबोर्डकडे बघत बसायचे. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, जिन्यातून कॉफी घेऊन येता येता म्हणायची, ‘‘वाजवू द्या गं त्यांना. वाजवत नसले की बोलतात.’’

यंदा पहिल्यांदाच असं झालं, की आम्ही न विचारता कुणीतरी आम्हाला बोलावलं. जयनगरातल्या एका सभागृहात संध्याकाळचा कार्यक्रम, दोन तास, बारा गाणी. बातमी कळली त्याच रविवारी गच्चीवर भांडण झालं. ड्रमवाले म्हणाले, फलकावर फोटो कुणाचा मोठा छापायचा. गायिका म्हणाली, फोटो राहू द्या, आधी सूर सांभाळा. मेष्ट्रु एरवी कधी बोलत नाहीत. त्या दिवशी तेही म्हणाले, की कीबोर्ड बंद झाला तर इथं सहा माणसं आणि एक पाण्याची टाकी एवढंच उरेल. बँडमध्ये सर्वांत महत्त्वाचा कोण, हा प्रश्न बावीस वर्षं एकटे अण्णा सोडवत होते. आता सगळ्यांनीच हातात घेतल्यावर त्यांना विलक्षण आनंद झाला.

‘‘स्वल्प थांबा,’’ ते उभे राहून म्हणाले. ‘‘भांडायचं कशाला? आपल्याकडे मापाचा माणूस आहे. दर रविवारी एकाने तिकडे टाकीजवळ खुर्ची टाकून बसायचं. बाकीच्यांनी तेच गाणं वाजवायचं. साडूभाऊ चुका मोजतील. ज्याच्याशिवाय सर्वांत जास्त चुका, तो मेन. सहा माणसं, सहा रविवार. सातव्या रविवारी कार्यक्रम. आहे की नाही बरोबर?’’

मेष्ट्रूंनाही पद्धत निर्दोष वाटली. चिठ्ठ्या टाकू या, असं मी म्हणालो. अण्णा म्हणाले, ‘‘बाकीच्यांच्या टाका. मी शेवटी. मुख्य पाहुणा शेवटीच बोलतो.’’

चूक कशाला म्हणायचं, हे मी आधी लिहून काढलं. सुरुवात एकत्र न होणं, सूर चुकणं, शब्द विसरणं, आणि नको तिथं आवाज होणं. मोजायला त्याच साडेचार मिनिटांचं, अकरा टिंगांचं गाणं घेतलं; पूर्ण बँड वाजत असताना त्यात चौदा चुका झाल्या. हा आकडा मी वहीत सर्वांत वर लिहिला आणि खाली रेघ मारली.

ते रविवार फार मजेत गेले, हे सांगितलंच पाहिजे. मेष्ट्रु टाकीजवळ बसले तेव्हा सदतीस चुका झाल्या आणि गाणं मध्येच बंद पडलं. मेष्ट्रु कधी नव्हे ते खुशीत दोन वाट्या उप्पिट खाऊन गेले. ड्रमवाले बसले तेव्हा साडेचार मिनिटांचं गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांत संपलं, कारण घरी जायची घाई असल्यासारखे बाकीचे सगळे पळत सुटले. गायिका बसली तेव्हा चुका कमी झाल्या. पण शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंना अक्काने विचारलं, गाणं ओळखलं का, तर त्या म्हणाल्या, देवाचं काहीतरी असावं. बासशिवाय एकोणीस, ढोलकीशिवाय बावीस. दर वेळी अण्णा माझ्या खांद्यावरून वहीत डोकवायचे, आकडा बघायचे आणि त्या त्या माणसाचं मनापासून अभिनंदन करायचे. ‘‘सदतीस! मेष्ट्रु, मानलं तुम्हाला.’’ मग माझ्या कानात, ‘‘माझ्या वेळी वहीची दोन पानं लागतील, तयारीत या.’’

पाचव्या रविवारी मी खाली उतरत होतो, तेव्हा गायिकेने मला जिन्यात गाठलं. ‘‘काका, मी तुम्हाला सरळच सांगते. पुढच्या वेळी काय निघणार, हे मला माहितीये. तुम्हालाही माहितीये. ते टिंग स्टेजवर झालं तर मी नाही गाऊ शकणार, म्हणजे खरंच नाही. तुम्ही जे निघेल तेच लिहाल ना? की नातं मध्ये येईल?’’

मी सत्तावीस वर्षं मापं तपासतोय असं तिला सांगितलं, आणि खाली आलो तर दारात अक्का. तिने सगळं ऐकलं होतं.

‘‘खरं तेच लिहा,’’ ती म्हणाली, ‘‘मी खोटं लिहा असं म्हणत नाही. पण एवढं लक्षात ठेवा, दुकान बंद करून त्यांना वर्ष झालं. सोमवारपासून शनिवारपर्यंत ते रविवारची वाट बघतात. काल मला विचारत होते, डाळीत मीठ कमी आहे हे तुला कसं कळतं. एवढी चौकशी त्यांनी बेचाळीस वर्षांत केली नव्हती.’’

‘‘म्हणजे कंटाळलेत?’’

‘‘मी कंटाळलेय,’’ अक्का म्हणाली आणि आत गेली. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं.

तो आठवडा मला चांगला गेला नाही. चौदातून ते नऊ टिंग वजा केले की किती राहतात, हे मला तोंडपाठ होतं, आणि ही वजाबाकी पहिल्याच दिवशी आपल्याला का सुचली नाही याचं आश्चर्य वाटत होतं. एका माणसाच्या आयुष्यातला रविवार काढून घ्यायचा, तोही त्याच्याच पद्धतीने, त्याच्याच गच्चीवर, माझ्या पेन्सिलीने. बायकोला विचारलं. ती म्हणाली, ‘‘सोळा लिहा. कोण तपासणार आहे?’’ मी तपासणार होतो, हीच अडचण होती.

सहाव्या रविवारी अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गच्चीवर आले. ट्रँगल त्यांनी स्वतःच्या रिकाम्या खुर्चीवर नीट ठेवला, टाकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले, पायावर पाय टाकला आणि कॉफीचा लोटा हातात घेऊन म्हणाले, ‘‘हं, पडा आता तोंडावर.’’

मेष्ट्रूंनी सुरुवात केली. सगळे एकत्र आले. गायिकेने पहिला लांब सूर धरला आणि तो मध्ये कुणी न अडवल्यामुळे पत्र्याखालून निघून समोरच्या नारळावरून पुढे गेला. मी खाली मान घालून रेघा मारत होतो. पाच. गाणं संपलं. ढोलकीवाले आपल्या नखांकडे बघत होते. अण्णांनी लोटा खाली ठेवला. तो भरलेलाच होता.

‘‘किती?’’

‘‘पाच,’’ मी म्हणालो.

‘‘आणि मी असताना?’’

‘‘चौदा.’’

ते उठून आले, वही हातात घेतली, चष्मा वर करून रेघा मोजल्या. चष्म्याचा धंदा केलेला माणूस, आकडा वाचायला त्याला वेळ लागला नसता, पण लागला. ‘‘परत वाजवा,’’ ते म्हणाले आणि जाऊन बसले. परत वाजवलं. चार. ‘‘दुसरं कुठलं तरी घ्या.’’ दुसरं घेतलं. मग तिसरं. चौथ्या गाण्याच्या वेळी त्यांनी पायावरचा पाय काढला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले. पाचव्यानंतर मी वर पाहिलं, तर ते हसत होते. त्यांनी बाराच्या बारा गाणी वाजवून घेतली. बँडने सगळा कार्यक्रम न थांबता एकदाही वाजवला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा वाजवला, कारण थांबा म्हणायचं धाडस कुणालाच झालं नाही. शेवटचं गाणं संपलं तेव्हा एक वाजून गेला होता आणि अक्का जिन्याच्या तोंडाशी हातात पळी घेऊन उभी होती.

अण्णा उठले आणि सगळ्यांसमोर येऊन उभे राहिले.

‘‘बावीस वर्षं,’’ ते म्हणाले, ‘‘बावीस वर्षं मी ह्या बँडमध्ये आहे. आपण इतकं चांगलं वाजवतो, हे मला एकानेही सांगितलं नाही.’’

गायिका रडायला लागली. त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं आणि म्हणाले, ‘‘रडतेस कशाला? तो दुसऱ्या गाण्यातला सूर अजून लांब धर. मध्ये टिंग करणारा एक मूर्ख होता, तो गेला.’’ मग मेष्ट्रूंकडे वळून, ‘‘आणि तुम्ही डाव्या हाताने इतकं काय काय करता? मला वाटायचं, ताल धरायला नुसता ठेवलाय.’’ मेष्ट्रूंनी हात जोडले. खाली जेवताना अण्णा भाताला हात लावण्याआधी म्हणाले, ‘‘हॉटेलात सर्वांत महत्त्वाचा कोण, साडूभाऊ? आचारी? मालक? हॅ. जेवायला बसतो तो.’’

अक्का वाढता वाढता थांबली आणि माझ्याकडे बघून तिने एक सुस्कारा सोडला. सहावी जागा मिळाली होती.

ती जागा त्यांनी किती गांभीर्याने घेतली, हे कार्यक्रमाच्या दिवशी दिसलं. बँडचा तांबडा कोट घालून ते चार वाजताच सभागृहात पोचले. वेगवेगळ्या अकरा खुर्च्यांवर बसून त्यांनी आवाज कुठे कसा येतो ते पाहिलं आणि तिसऱ्या रांगेतली मधली जागा रुमाल टाकून धरली. लोक येऊ लागल्यावर उंच माणसांना मागे आणि खोकणाऱ्यांना दाराजवळ बसवलं. एका गृहस्थांनी विचारलं, ‘‘तुम्ही बँडमध्ये आहात का?’’ अण्णा म्हणाले, ‘‘आहे. इथून.’’

कार्यक्रम चांगला झाला. मी अण्णांच्या शेजारी वही घेऊन बसलो होतो. गायिकेने सुरुवातीला कलाकारांची ओळख करून दिली आणि म्हणाली, ज्यांच्या गच्चीवर हा बँड वाढला त्यांनी कृपया उभं राहावं. उभं राहायची एकही संधी या माणसाने आयुष्यात सोडलेली नाही. त्या दिवशी ते उठले नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी नुसता हात हलवला: वेळ जातोय, सुरू करा.

सात वाजता सगळं आटोपलं. लोक गायिकेभोवती आणि मेष्ट्रूंभोवती जमले. अण्णा मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. सबंध वाटेत ते बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मी आजवर कधी मोजलं नव्हतं. ते सात मिनिटं होतं.

‘‘किती झाल्या?’’ त्यांनी थांब्यावर विचारलं.

‘‘तीन.’’

‘‘बारा गाण्यांत मिळून?’’

‘‘मिळून.’’

‘‘बघा,’’ ते म्हणाले. जणू त्या तीनच चुकांचं श्रेय थोडंफार त्यांचंही होतं. कदाचित होतंही. मग म्हणाले, ‘‘आणि ते शेवटून दुसरं गाणं? त्यात गायिका जरा थांबली आणि ढोलकी एकटीच राहिली, ते कसं वाटलं?’’

मला आठवेना. एक चूक त्याच सुमाराला झाली होती, ती आठवत होती. बाकी काही नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि तेवढ्यात बस आली.

खिडकीतून पाहिलं तर तांबडा कोट घातलेला तो उंच माणूस थांब्यावर तसाच उभा होता, घरी जायची घाई नसलेल्या माणसासारखा. जयनगर मागे पडलं. मी वही उघडली. बारा गाण्यांची वेळ होती, तीन रेघा होत्या. एकाही गाण्याची चाल मला त्यातून काढता येईना. दोन तास मी तिथे बसलो होतो. शेवटी मी त्यांना फोन लावला.

‘‘अण्णा, ते शेवटून दुसरं. जरा म्हणून दाखवा.’’

‘‘आत्ता? रस्त्यात?’’

‘‘हो.’’

त्यांनी म्हणून दाखवलं. आवाज आता पार बसलाय, वरचे सूर तर लागतच नाहीत. तिथे ते नुसते श्वास घेतात आणि पुढे जातात. ढोलकीची जागा आली तेव्हा तोंडाने ढोलकी वाजवली. मग त्याच्या आधीचं गाणं म्हटलं, मग त्याच्याही आधीचं. त्यांच्या मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते, माझ्या बसमध्ये कंडक्टर ओरडत होता. मी फोन कानाला घट्ट धरून बसलो होतो. वही मांडीवर मिटलेली होती. हेब्बाळचा पूल दिसायला लागला तेव्हा ते मध्येच थांबले.

‘‘साडूभाऊ, ऐकताय ना?’’

‘‘ऐकतोय, अण्णा,’’ मी म्हणालो. ‘‘तुम्ही म्हणा.’’